सरपणाचे माप

श्रोतेहो, आजचा माझा विषय ऐकून आपल्यापैकी कित्येकांस हसू येईल. लढायांचा, राज्यक्रांत्यांचा किंवा थोर पुरुषांचा इतिहास सांगावयाचे सोडून हा पेन्शनर मास्तर जळाऊ लाकडांच्या मापाचा इतिहास काय घेऊन बसला, असे वाटणे साहजिक आहे. शहरातील घरांत आता गॅसची शेगडी आहे, न्हाणीघरात विजेवर पाणी तापते, आणि सरपण हा शब्द नातवंडांस समजावून सांगावा लागतो. तरीपण हा विषय माझ्या मनात गेली पन्नास-पंचावन्न वर्षे घोळत आहे, आणि त्याचे कारण आमच्या घरातच घडले.

माझे बालपण १९६० नंतरच्या दशकात एका तालुक्याच्या गावी गेले. स्वयंपाक चुलीवर होई व आंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापे. मृग लागण्यापूर्वी पावसाळ्याचे सरपण भरून ठेवावयाचे, अशी घरोघर रीत होती. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाल्यामुळे वखारीत किलोची वजने आलेली होती. परंतु आजीच्या तोंडी मण आणि खंडी हेच शब्द असत. वखारीत गेल्यावर ती काट्याकडे पाहातसुद्धा नसे. दोन ढलप्या हातात घेऊन एकमेकींवर आपटी. खणखणीत आवाज आला तर "घाला काट्यावर" म्हणे. बद्द आवाज आला तर मुकाट्याने पुढच्या राशीकडे वळे. एका वर्षी ती अंथरुणास खिळली होती म्हणून वडील एकटेच गेले. त्यांनी काट्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली, वजने स्वतः तपासली, आणि चोख तोलून घेतलेली लाकडे गाडीत घालून घरी आणली. आजीने पडल्यापडल्या एक ढलपी मागवून घेतली, आपटली, आणि म्हणाली, "अरे, लाकडाबरोबर पाणीही विकत आणलेस की रे!" त्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात चार महिने धूर कोंडून राहिला व आईचे डोळे लाल ते लालच. वडील तक्रार घेऊन गेले तेव्हा वखारवाल्याने शांतपणे विचारले, "काटा बघून घेतला होता ना?" वडिलांजवळ उत्तर नव्हते. वजनात एका तोळ्याचीही लबाडी झालेली नव्हती.

लबाडी नव्हती, मग नुकसान कोणत्या वाटेने झाले, हा प्रश्न मला तेव्हापासून सुटेना. पुढे शाळेत घनफळाचे धडे शिकविताना, आणि निवृत्त झाल्यावर जुनी पुस्तके चाळताना, असे ध्यानी आले की या प्रश्नाने मोठमोठ्या राज्यांस शतकानुशतके सतावले आहे. सरपण विकत घेणाऱ्यास हवी असते ती ऊब, आणि ऊब तर कोणत्याच पारड्यात घालता येत नाही. म्हणून तिच्याऐवजी दुसरे काहीतरी मोजावे लागते. वजन केले तर लाकडाबरोबर पाणी तोलले जाते. रास रचून तिची लांबीरुंदी मोजली तर लाकडाबरोबर मधली हवा मोजली जाते. तुरीची डाळ, कापड, तेल यांच्या बाबतीत असा घोळ फारसा होत नाही.

आपल्याकडे या घोळाची झळ चुलीपुरती आणि बंबापुरती होती. ज्या देशांत हिवाळ्यात नद्या गोठतात आणि चार-पाच महिने घर तापवल्यावाचून जगणे कठीण, तेथे सरपणाचे माप हा जीवनमरणाचा प्रश्न होता. तेव्हा आपण आता थोडा वेळ त्या थंड मुलखांत जाऊ.

आरंभी मापे माणसाच्या शरीरावरून निघाली, हे आपणांस ठाऊक आहेच. आपल्या विहिरीची खोली वावांत सांगत, आणि वाव म्हणजे दोन्ही हात पसरले असता एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचे अंतर. जर्मन लोकांचे 'क्लाफ्टर' हे नेमके तेच अंतर, आणि सरपणाच्या राशीसही त्यांनी तेच नाव दिले. एक क्लाफ्टर लांब व एक क्लाफ्टर उंच अशी रास रचावयाची. तिची खोली मात्र ओंडक्याच्या लांबीवर अवलंबून, आणि ती लांबी संस्थानासंस्थानांत निराळी. त्यामुळे एका गावचे क्लाफ्टर शेजारच्या गावी चालेलच असे नव्हते. इंग्रजी बोलणाऱ्या लोकांत 'कॉर्ड' हे माप रूढ झाले. कॉर्ड म्हणजे दोरी. रासेस दोरी लावून मोजण्याच्या रीतीवरून ते नाव पडले. अमेरिकेत ते पुढे कायम ठरले: आठ फूट लांब, चार फूट उंच आणि चार फूट रुंद, म्हणजे १२८ घनफूट. परंतु या १२८ घनफुटांत खरे लाकूड साधारणपणे सत्तर ते नव्वद घनफूट इतकेच असते. बाकीची फटींतली हवा, आणि तिचेही पैसे पडतात. न्यू इंग्लंडमधील शेतकरी थट्टेने म्हणत की राशीच्या फटीतून उंदीर जाईल इतपत जागा असावी, पण त्याच्या पाठीमागे लागलेले मांजर जाऊ नये.

इंग्लंडातील राज्यकर्त्यांनी या हवेवर निराळाच तोडगा काढला. लंडन शहर सोळाव्या शतकात झपाट्याने वाढत होते, आसपासची राने हटत होती आणि जळण महाग होत होते. सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दीत, १५५३ साली, जळणाच्या मापांचा एक कायदा झाला आणि पुढे एलिझाबेथ राणीच्या अमदानीत, १६०१ साली, त्यास पुन्हा पुष्टी देण्यात आली. त्याचे धोरण असे की रास मोजूच नये. प्रत्येक मोळीचे आणि प्रत्येक ओंडक्याचेच माप ठरवून टाकावे. बांधलेली मोळी तीन फूट लांब असावी व तिच्या बंधाचा घेर चोवीस इंच असावा. ओंडक्याची लांबी तीन फूट चार इंच. ओंडके तीन प्रतींचे: पहिल्याचा घेर सात इंच, दुसऱ्याचा दहा इंच, तिसऱ्याचा चौदा इंच.

येथे मला क्षणभर थांबू द्या, कारण हे आकडे प्रथम वाचले तेव्हा माझ्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. सात, दहा, चौदा हे आकडे वरवर पाहता उगाच घेतल्यासारखे दिसतात. परंतु ओंडक्यात लाकूड किती हे घेरावर नसून घेराच्या वर्गावर ठरते. सातांचा वर्ग एकोणपन्नास, दहांचा शंभर, चौदांचा एकशे शहाण्णव. म्हणजे दुसऱ्या प्रतीच्या ओंडक्यात पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट लाकूड, आणि तिसऱ्यात दुसऱ्याच्या दुप्पट! दोनाचे वर्गमूळ म्हणून जे आपण मुलांकडून घोकून घेतो, तेच येथे बाजारच्या सुतळीच्या मापात उतरले आहे. गिऱ्हाइकास गणित येत नसले तरी सुतळीचा एक तुकडा घेऊन त्याने ओंडक्यास वेढा दिला की पुरे. एका मोठ्या ओंडक्याबद्दल चार लहान मागण्याचा त्याचा हक्क त्यास आपोआप कळे. माझ्या साऱ्या नोकरीत वर्गमुळाचा इतका उपयोगी धडा मला सापडला नाही, आणि सापडला तो सेवानिवृत्तीनंतर, हे माझ्या विद्यार्थ्यांचे दुर्दैव.

कायदा मोडणाऱ्यास दंड होता. परंतु दंड भरण्याची ऐपत नसलेल्या विक्रेत्यास बाजाराच्या दिवशी चव्हाट्यावरील खोड्यात उभे करीत, आणि अंगास त्याचाच खोट्या मापाचा ओंडका किंवा मोळी बांधीत. ज्याच्या गाठी पैसा होता तो दंड भरून सुटे, हे सांगावयास नकोच. कायद्याचा हेतू गरीब गिऱ्हाइकाचे रक्षण हा असला, तरी खोड्यात जाणारा बहुधा गरीब विक्रेताच असणार.

आता पॅरिसकडे वळू, कारण सरपणाच्या मापाचा सर्वांत रसाळ इतिहास त्या शहराचा आहे. लंडनने लवकरच दगडी कोळशाची कास धरली. पॅरिस मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत मुख्यतः लाकडावर तापत राहिले. एवढे लाकूड आणावयाचे कोठून? आग्नेयेस मोर्व्हाँ नावाचा डोंगराळ व रानांनी भरलेला प्रदेश आहे. तेथून योन नदी निघते व पुढे सेन नदीस मिळते. १५४९ साली झाँ रुव्हे नावाच्या व्यापाऱ्याने या नद्यांतून लाकूड तरंगवीत पॅरिसला नेले, असे परंपरा सांगते. पद्धत अशी की रानात ओंडके तोडून त्यांच्या टोकांवर ज्याच्या त्याच्या मालकीचा शिक्का हातोडीने ठोकावयाचा, आणि मग ते सुटेच ओढ्यांत ढकलून द्यावयाचे. तळ्यांत अडवून ठेवलेले पाणी सोडले की ओढे भरून वाहात आणि ओंडके खाली येत. क्लामसी गावी ते अडवून शिक्क्यांवरून निवडीत, नदीकाठी रचीत आणि मग त्यांचे लांबच लांब तराफे बांधून पॅरिसला रवाना करीत. हा उद्योग विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालू होता. पाण्यातून आलेल्या लाकडाची साल निघून जाई आणि ते गाडीने आलेल्या कोरड्या लाकडाहून हलक्या प्रतीचे मानले जाई. म्हणून पॅरिसच्या बाजारात 'तरंगते लाकूड' आणि 'नवे लाकूड' असे दोन भाव असत. आमच्या वखारीत असे दोन भाव असते तर वडिलांवर तो प्रसंग आला नसता.

सेन नदीच्या धक्क्यांवर लाकूड उतरले की ते विकत घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये एक तिसरा मनुष्य उभा राही. त्यास 'मुलर' म्हणत. हा शपथ घेतलेला सरकारमान्य मापारी. त्याच्यापाशी चार फूट रुंद व चार फूट उंच अशी एक लाकडी चौकट असे. तिच्यात ओंडके रचले की झाली एक 'व्हुआ', म्हणजे एक गाडीभर. मोठमोठे जाड ओंडके असल्यास लोखंडी कड्यात बसवून मोजीत. दोन व्हुआ मिळून एक 'कोर्द'. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६९ साली रानांविषयीचा जो प्रसिद्ध हुकूमनामा काढला त्यात सर्व देशासाठी एकच कोर्द ठरविण्यात आली: आठ फूट लांब, चार फूट उंच, आणि ओंडक्याची लांबी साडेतीन फूट. हे फूट फ्रान्सच्या राजाचे, इंग्रजी फुटाहून किंचित मोठे. साडेतीन फ्रेंच फूट म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे एक मीटर चौदा सेंटिमीटर. ही लांबी आपण लक्षात ठेवावी, कारण तिचा संबंध पुढे येणार आहे.

चौकट, कडे, शपथ, सर्व काही असूनही पोकळीचा प्रश्न राहिलाच. वाकडा ओंडका मुद्दाम असा ठेवता येतो की त्याच्याखाली हातभर भोक पडावे आणि वरून चौकट भरलेली दिसावी. म्हणून मापाऱ्याचा खरा कस रचाई पाहण्यात होता. आणि हा मापारी होता कोणासाठी? ज्याच्या घरी एक व्हुआ लाकूड ठेवण्याएवढे अंगण किंवा तळघर आहे, आणि ती एकदम घेण्याएवढा पैसा आहे, त्याच्यासाठी. माडीवरच्या एका खोलीत राहणारा मजूर फालूर्द किंवा कोत्रे नावाच्या लहान मोळ्या एकेक करून घेई, त्याही थंडी पडल्यावर, भाव चढल्यावर. त्याच्या मोळीपाशी चौकट घेऊन कोण उभे राहणार? आपल्याकडेही हेच होते. खंडीने घेणाऱ्यासाठी काटा, आणि डोईवर मोळी घेऊन दारोदार फिरणाऱ्या मोळीवालीशी मात्र नुसत्या नजरेने घासाघीस. त्या व्यवहारात कधी घेणारा फसे, पण बहुधा ती मोळीवालीच फसे. सूर्य माथ्यावर आल्यावर भार डोक्यावर घेऊन परत रान गाठण्यापेक्षा मिळेल त्या दामास देणे तिला भाग पडे.

मग आली फ्रेंच राज्यक्रांती. शाळेत मीटर, लिटर व ग्रॅम यांचा जन्म आपण सर्वांनी घोकला आहे. परंतु ७ एप्रिल १७९५ रोजी जो कायदा झाला त्यात मुख्य मापे पाच होती: लांबीचे मीटर, जमिनीचे आर, द्रवाचे व धान्याचे लिटर, वजनाचे ग्रॅम, आणि पाचवे 'स्तेर'. हे पाचवे माप खास करून जळाऊ लाकडासाठी निर्माण केलेले होते! एक घनमीटर म्हणजे एक स्तेर. घन या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव घेतले. साऱ्या जगास पुरतील अशी मापे ठरवू पाहणाऱ्या त्या विद्वानांस पाचांतील एक माप सरपणास द्यावेसे वाटले, यावरून त्या काळच्या घरात सरपणाचे स्थान काय होते ते दिसते. कायदा होण्याच्या आधीचाच हिवाळा पॅरिसने अतिशय कडक असा अनुभवला होता.

परंतु कायदा सभागृहात झाला आणि ओंडके रानात तुटत राहिले, तेही जुन्याच लांबीचे! क्लामसीच्या लाकूडतोड्याचा हात साडेतीन फुटांवर बसलेला; तो मीटरसाठी कोण बदलणार? एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच चौकटीत एक मीटर चौदा सेंटिमीटर लांबीचे ओंडके घातले तर स्तेरापेक्षा अधिक भरते. तेव्हा मापाऱ्यांनी काय करावे? चौकटीची उंची कमी करून अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर केली. आपण घरी गुणाकार करून पाहावा; उत्तर एक घनमीटरच्या आसपास येईल. क्रांतीने राजाचे डोके उडविले, पण राजाच्या फुटाने कापलेला ओंडका तिला बदलता आला नाही. चौकटच खाली आणावी लागली.

स्तेरातही एक गंमत आहे, ती गृहिणींनी विशेष ऐकावी. मीटरभर लांबीच्या ओंडक्यांची एक स्तेर रास घ्या. प्रत्येकाचे मधोमध दोन तुकडे करा व पुन्हा रचा. रास आता सुमारे आठ-दशांश घनमीटर भरते. तीन तुकडे केले तर सात-दशांशाच्या आसपास. कोणी ढलपी चोरली नाही, तरी पाव हिस्सा नाहीसा झाला! कारण इतकेच की लांब ओंडक्याचा बाक तुकडे केल्यावर वाटला जातो, तुकडे अधिक सरळ होतात व एकमेकांस चिकटून बसतात. जी नाहीशी झाली ती हवा. याच्या उलट, गोल ओंडका कुऱ्हाडीने फोडला तर रास थोडी फुगते. तेव्हा कापलेले लाकूड स्तेराने घेणारा आणि लांब लाकूड स्तेराने घेणारा यांनी एकच भाव दिला तर दोघांपैकी एक तोट्यात गेलाच म्हणून समजावे. अमेरिकेत तर याहून सोपी युक्ती चाले: आठ फूट लांब व चार फूट उंच अशी रास दर्शनी रचावयाची, पण लाकडे चार फुटांऐवजी सोळा इंचांची. पुढून पाहणाऱ्यास पूर्ण कॉर्ड दिसे, प्रत्यक्षात असे तिचा तिसरा हिस्सा.

अमेरिकेचा उल्लेख आलाच आहे, तर तेथील खपाचा अंदाज सांगतो. न्यू इंग्लंडमधील वसाहतीच्या काळच्या एका घरास वर्षाकाठी तीस ते चाळीस कॉर्ड लाकूड लागे, असे इतिहासकारांचे अनुमान आहे. चाळीस कॉर्ड एकापुढे एक मांडल्या तर चार फूट रुंद व चार फूट उंच अशी तीनशे वीस फूट लांबीची भिंत होईल, आणि एवढे लाकूड मिळविण्यास दरसाल एकराहून अधिक रान तोडावे लागे. उघड्या भिंतीतल्या शेगडीतून बहुतेक ऊब धुराड्यावाटे आकाशात जाई. बेंजामिन फ्रँकलिन याने १७४४ साली आपल्या नव्या लोखंडी शेगडीवर जी पुस्तिका छापली तीत, पूर्वी दारात मिळणारे लाकूड आता काही गावांस जवळजवळ शंभर मैलांवरून आणावे लागते, अशी तक्रार आहे. आपली खोली चौथाई लाकडात पूर्वीच्या दुप्पट तापते, असेही त्याने लिहिले आहे. शोधकाने स्वतःच्या शोधाबद्दल लिहिलेले थोडे जपूनच घ्यावे. मॅसॅच्युसेट्समधील गावे मात्र शेगडीवर विसंबून राहिली नाहीत. गावसभा इतर अधिकाऱ्यांबरोबर 'लाकूड व सालीचे मापारी' नेमीत असे, आणि हे पद पुढे फार काळ टिकून राहिले.

माप चोख झाले तरी ऊब किती, हे कोणी पाहिले? हा प्रश्न फिलाडेल्फियाच्या मार्कस बुल याने हाती घेतला. त्याने एका खोलीत दुसरी लहान खोली बांधली, आत शेगडी ठेवली, आणि निरनिराळ्या झाडांचे कोरडे लाकूड तोलून जाळले. आतली खोली बाहेरच्या खोलीपेक्षा दहा अंश फॅरनहाइट अधिक उबदार किती वेळ राहते, हे त्याने घड्याळ लावून मोजले. १८२६ साली त्याने हे प्रयोग विद्वानांच्या सभेपुढे मांडले. हिकरी नावाच्या जड झाडाच्या एका कॉर्डची ऊब शंभर धरली, तर पांढऱ्या पाइनच्या एका कॉर्डची ऊब केवळ बेचाळीस भरली. एकच कॉर्ड, एकच चौकट, आणि ऊब निम्म्याहूनही कमी! परंतु त्याच कोष्टकात वजनाचा रकाना आहे. हिकरीची कॉर्ड ४४६९ पौंड, पाइनची १८६८ पौंड. भागाकार केला की पुन्हा बेचाळीसच्या जवळचाच आकडा येतो. याचा अर्थ असा की कोरडे असेल तर कोणत्याही झाडाचे शेर-दीड शेर लाकूड जवळजवळ सारखीच ऊब देते. मोजावयाचेच असेल तर वजन करावे हे खरे, पण त्यातली मेख 'कोरडे असेल तर' या तीन शब्दांत आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते, आणि ते पाणी वाफ होऊन जाताना चुलीतलीच ऊब खाऊन जाते. म्हणजे ओल्या लाकडाचा गिऱ्हाईक दोनदा नागवला जातो.

आपल्या देशात वजनाचा मार्ग जुना आहे. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत बहात्तर जातींच्या लाकडांचे घनगजास वजन किती, याचे कोष्टक दिलेले आहे. ते बुलच्या आधी सव्वादोनशे वर्षांचे. तो हिशेब इमारतींच्या प्रकरणांजवळ येतो, चुलीच्या नव्हे. तथापि आकार सारखा असून वजन निराळे, ही गोष्ट बादशहाच्या कारकुनांनी ताडली होती. मुंबई इलाख्यात मण अठ्ठावीस पौंडांचा व वीस मणांची खंडी, म्हणजे ५६० पौंड. आणि उत्तरेकडचा रेल्वेचा मण मात्र ब्याऐंशी पौंडांहून थोडा अधिक. मण म्हटल्यावर कोणता मण, हे आधी विचारून घ्यावे लागे.

तोडलेल्या लाकडाचे हे झाले. उभ्या झाडांत सरपण किती, याचा अंदाज घेण्याची विद्या जर्मनीत वाढली. सॅक्सनीतील खाणखात्याचा अधिकारी कार्लोविट्झ याने १७१३ साली रान राखण्यावर ग्रंथ लिहिला, कारण धातू गाळण्याच्या भट्ट्यांस लाकूड पुरेना. पुढे त्याच शतकात बेकमान नावाच्या वनाधिकाऱ्याने झाडे मोजण्याची एक साधी रीत घालून दिली. माणसांच्या रांगेस रंगीत खिळे मोजून द्यावयाचे, लहान झाडास एक रंग, मध्यमास दुसरा, थोरास तिसरा. रान पार करून आल्यावर पिशवीत उरलेले खिळे मोजले की किती झाडे कोणत्या आकाराची, ते कळे. वाचता न येणारा मनुष्यही हे काम बिनचूक करी. रचलेल्या घनमीटरात खरे लाकूड सात-दशांश धरावे, असा ठोकताळाही या वनविद्येनेच रूढ केला. वेड्यावाकड्या लाकडांचे खरे घनफळ काढण्यास ती पाण्याच्या हौदात बुडवून चढलेले पाणी मोजीत. हीच परंपरा घेऊन डीट्रिख ब्रांडिस हा जर्मन मनुष्य इंग्रज सरकारच्या चाकरीत ब्रह्मदेशात आला. हत्तीवर बसून, डाव्या हातात चार काठ्या व उजव्या हातात चाकू घेऊन, दिसेल त्या सागाच्या झाडाबद्दल त्याच्या जाडीप्रमाणे एकेका काठीवर तो खाच पाडीत जाई. १८६४ साली तो हिंदुस्थानच्या जंगलखात्याचा पहिला मुख्य अधिकारी झाला. आमच्या गावच्या वखारीत येणारी लाकडेही अशाच रीतीने कोणीतरी कोठेतरी अगोदर मोजून ठेवलेली असत, हे तेव्हा आम्हांस काय ठाऊक!

फ्रान्समध्ये स्तेर हे माप १९७७ च्या अखेरीस कायद्यातून गेले. पावतीवर आता घनमीटर लिहावे लागते. बोलताना मात्र लोक अजून स्तेरच मागतात. आणि इंग्लंडात, जेथे १५५३ साली मोळीस सुतळी लावून पाहात, तेथे १ मे २०२१ पासून नवा नियम लागू झाला आहे. दोन घनमीटरांहून कमी जळाऊ लाकूड विकावयाचे असेल तर त्यातील पाणी शेकडा वीस किंवा त्याहून कमी असल्याचे प्रमाणपत्र विक्रेत्याजवळ असले पाहिजे. नियमाचा हेतू शहरातील धूर कमी करणे हा आहे. गिऱ्हाइकाच्या पैशाचा विचार करून तो केलेला नाही. तरी पिशवी-दोन पिशव्या विकत घेणाऱ्या लहान गिऱ्हाइकास त्याचा लाभ होतोच. पाणी पाहण्यासाठी दोन टोकदार काट्यांचे एक लहानसे विजेचे यंत्र मिळते. ते फोडलेल्या लाकडाच्या आतल्या अंगास टोचले की आकडा दिसतो. ज्यांच्यापाशी हे यंत्र नसते ते तिकडचे लोकही दोन ढलप्या घेऊन एकमेकींवर आपटून पाहतात.